रंग म्हणायचा खेळ

"पुन्हा दाब," आई म्हणाली.

मुलाने बटण दाबलं. बारीक दिवा लागला. स्पीकरमधून मात्र हूं की चूं नाही.

टेबलावर साबणाच्या वडीएवढा सिंथेसायझर पडला होता. किटमधला एकेक सुटा भाग डाख देऊन बसवायला मुलाला आठवडा लागला होता. खुंटी फिरवली की सूर चढेल-उतरेल, असं सोबतच्या कागदावर छापलं होतं. पाच वाजता तो शाळेच्या छंदवर्गात वाजायला हवा होता. बाईंनी आईला बोलावून सांगितलं होतं, मुलगा हातचा चांगला आहे पण लक्ष नाही. या वेळीही बिघडलं तर त्याची जागा दुसऱ्या कुणाला द्यावी लागेल. आता सव्वाचार झाले होते.

"स्पीकरची तार?"

"बघितली."

"सेल?"

"नवे आहेत."

आईचे वडील पलीकडे ओल्या स्पंजवर सोल्डरिंग आयर्नचं टोक पुसत होते. तीस वर्षं रेडिओदुरुस्तीचं दुकान चालवलेला माणूस. नातवाशेजारी आठवडाभर तेच बसले होते. "डाख बाकी झकास दिलेत," ते म्हणाले. "एकही कच्चा नाही. मोत्यासारखे आहेत."

"मोती वाजत नाहीत, बाबा."

तिने कागद ओढून घेतला आणि सर्किटवर वाकली. एकेका भागावर बोट ठेवत ती कागदाशी ताडून पाहू लागली. खोलीत फक्त घड्याळ चालू होतं. मधल्या ओळीत बोट थांबलं.

"इथे तपकिरी, काळा, लाल अशा पट्ट्यांचा रेझिस्टर हवा. तू तपकिरी, काळा, हिरवा लावलायस. आणि हिरव्याच्या जागी लाल. एका पट्टीने हजारपट फरक पडतो, इथे ठळक छापलंय. वाचलं नाहीस?"

"वाचलं होतं. नीट बघून लावलं मी."

"नीट बघून? डोळे काय खिशात ठेवले होते?"

मुलगा सर्किटवर आणखी खाली वाकला.

"आणि नकाशातली जंगलं? तीही नीट बघूनच तपकिरी रंगवली होती?"

"हो," तो इतक्या हळू म्हणाला की तिचा पारा आणखीच चढला. चुकलं तर चुकलं म्हणावं माणसाने. हे खोटं कुठून शिकला? तिने डबीतले दोन जादा रेझिस्टर उचलले आणि त्याच्या नाकासमोर धरले. "यातला लाल पट्टीचा कुठला?"

त्याने क्षणभर त्या दोन तुकड्यांकडे पाहिलं. मग मान वर करून तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बोट डाव्या तुकड्याकडे निघालं. तिच्या कपाळाला आठी पडली. बोट वाटेतच वळलं आणि उजव्यावर टेकलं.

"आता माझ्या तोंडाकडे बघून उत्तरं देणार का, महाराज? तोंडावर लिहिलंय का माझ्या?"

"पुरे," आजोबा म्हणाले.

त्यांनी आवाज चढवला नव्हता. पण आयर्न स्टँडवर ठेवून दिलं होतं, आणि काम अर्धवट असताना ते कधी आयर्न ठेवत नसत.

"खोटं बोलत नाहीये तो. लाल आणि हिरवा त्याला वेगळे दिसतच नाहीत. दोन्ही मातकट."

"तुम्हाला काय माहीत?"

"मलाही तसेच दिसतात."

तिला हसूच आलं. "काहीतरीच काय, बाबा. तीस वर्षं रेझिस्टर बदललेत तुम्ही."

"तू शाळेतून आलीस की दुकानातल्या उंच स्टुलावर बसायचीस. आठवतं?"

"हो. आपण पट्ट्यांचे रंग म्हणायचा खेळ खेळायचो. दहा बरोबर आले की गोळी."

"खेळ तुझ्यासाठी होता," आजोबा म्हणाले. "किचकट कामं मी संध्याकाळवर ढकलायचो. रेझिस्टर मोजायचं मीटर फार उशिरा घेतलं मी. त्याआधी तू होतीस."

"माझ्या आईला माहीत होतं?" तिने विचारलं.

"कुणालाच नाही. रंग न दिसणाऱ्या मेकॅनिककडे रेडिओ कोण देईल?" ते मुलाकडे न बघता बोलत होते. "मुलीकडून नातवात उतरतं, असं डॉक्टर म्हणाले होते. हा झाला, तेव्हापासून मनात धाकधूक होती. नसेल, म्हणत राहिलो. या आठवड्यात सांगायला हवं होतं. याच्याशेजारी बसून मी नुसते डाख बघत राहिलो."

मुलगा गर्रकन वळला, तशी खुर्ची करकरली. "तुम्हालापण, आजोबा? म्हणजे मी ढ नाही?"

"ढ असतास तर असे डाख दिले असतेस?"

आईच्या हातात अजून ते दोन रेझिस्टर होते. तिने त्यांच्याकडे पाहिलं. एक लाल, एक हिरवा, ढळढळीत. किती वेळ पाहिलं तरी ते एकसारखे दिसेनात.

घड्याळ चार पस्तीस दाखवत होतं. तिने स्टूल ओढलं आणि दोघांच्या मध्ये बसली.

"आयर्न गरम आहे का?"

"आहे."

तिने दिवा जवळ घेतला आणि पहिल्या तुकड्यावर बोट ठेवलं. "तपकिरी, काळा, हिरवा," ती म्हणाली, आणि शाळेतल्या पोरीसारखा हेल आपोआप आला. दोन्हीकडून दोन डोकी सर्किटवर वाकली, एकसारखी, कान तिच्याकडे करून.

"जरा सावकाश," आजोबा म्हणाले. "आता ऐकणारे दोघं आहेत."