जाळीतलं पीस

पाणथळीकाठच्या पिंजऱ्यातल्या आरोग्यखात्याच्या चार कोंबड्या मावशी राखायची. तपासनीस दर सोमवारी त्यांचं रक्त काढायचा. "डासांमुळे पसरणारा ताप आधी यांच्या रक्तात दिसतो, मावशी." मावशीला वाटे, कुठेतरी पाणी मुरतंय. "धडधाकट कोंबड्या डासांपुढे ठेवणारा ताप शोधतो की पेरतो?" तिने लेकीला विचारलं. तेव्हापासून दिवेलागणीला ती नातीची मच्छरदाणी गुपचूप पिंजऱ्यावर घालू लागली. पाणथळीला बांध घातल्यापासून पाणी आटेना, थंडीतही डास हटेनात. कोंबड्यांचं रक्त मात्र स्वच्छ. "तुमच्याकडे फवारणी नको," तपासनीस म्हणाला आणि थबकला. "पलीकडच्या काठावरच्या सगळ्या कोंबड्यांत विषाणू निघाला. तुमच्याच कशा सुटल्या?" आता त्यालाही संशय आला. आत नात कण्हली. तापाने फणफणलेल्या पोरीवर काल पिंजऱ्यावरून काढून लावलेल्या मच्छरदाणीत कोंबडीचं पीस अडकलं होतं. मावशीने ते त्याच्या तळहातावर ठेवलं. "पिंजरा मीच झाकायचे, साहेब. फवारणी आजच आणा."