रुळाखालची ढेप

खुशालरावाच्या वांग्यांतून रेल्वे न्यायचं त्या दिवशी दुपारी पक्कं झालं. पण ते सध्या बाजूला ठेवू. तसं काही झालेलंच नाही, असं धरून चालू. सकाळी खुशालरावही तसंच धरून चालला होता. पाटलांच्या ओसरीवर उकिडवा बसून तो खेळण्यातल्या रुळाखाली सरकीची ढेप बसवत होता आणि मनातल्या मनात देवाला सांगत होता, की गाडी पडू दे.

गाडी केशवराव पाटलांची. अमरावतीच्या कँपातला एक गोरा साहेब विलायतेला परत गेला. त्याच्या बंगल्याच्या लिलावात पाटील कपाट घ्यायला गेले आणि चावीची आगगाडी घेऊन आले. तिचा उपयोग काय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. उपयोग पुढं निघाला. अकोल्याहून बाळापूरकडे फाटा काढायचा म्हणून पुण्याकडचे एक इंजिनिअर साहेब आले, झेंडे रोवून गेले आणि जाताना म्हणाले, "काळी माती आहे. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात फाटते. रूळ टिकेल असं वाटत नाही."

पाटलांना गावात स्टेशन हवं होतं. साहेबांना टिकलेला रूळ दाखवायचा, असं त्यांनी ठरवलं. ओसरीवर एक जुनं दार आडवं टाकलं. त्यावर काळी माती पसरली. वर रूळ येणार. मधे काय घालायचं, ते मात्र जाणत्यानं ठरवायचं होतं.

"खुशालराव, तुह्यासारखा वाफा पंचक्रोशीत कोनी घालत नाई," पाटील म्हणाले. "रुळाखालचाबी तूच घाल."

झेंड्यांची रांग खुशालरावाच्या मळ्यातून सरळ गेली होती. एक झेंडा तर विहिरीच्या काठावर होता. गाडी पडली तर साहेब परत जाणार आणि मळा राहणार. गाडी चालली तर मळा जाणार. म्हणून खुशालराव मन लावून वाईट काम करायला लागला.

आधी त्यानं मधे काहीच घातलं नाही. ओल्या मातीवर रूळ ठेवला आणि माती वाळू दिली. मातीला बोट जाईल अशा भेगा पडल्या. गाडी भेगांवरून टणाटण उड्या मारत गेली आणि फेरा मारून परत आली. मग त्यानं कापूस घातला. गाडी रुतायला हवी होती. ती आवाज न करता फिरत राहिली. "झकास!" पाटील म्हणाले. "साह्यबाची झोपबी मोडनार नाई." मग त्यानं सरकी घातली. दाणे रुळाखालून घरंगळतील असा अंदाज होता. दाणे घरंगळले आणि नेमके जिथं हवे तिथं जाऊन बसले. गाडी आणखी जोरात धावली. पाटलांनी त्याला चहा पाजला.

"जल्मात पयल्यांदा वाईट काम कराले गेलो," घरी येऊन तो बायकोला म्हणाला, "तं तेबी जमून नाई राहिलं."

मैनाबाई टोपलीत वांगी भरत होती. तिनं मान वर केली नाही. "तुमाले नाई जमत तं म्हशीले करू द्या. ढेपीचा वाफा घाला. साह्यबाच्या चहाले ताजं दूध पायजे म्हना. मी चंद्रीले घेऊन येतो."

आणि म्हणून ही ढेप. तेल निघालेल्या सरकीची, घट्ट, चपटी, म्हशी जीव टाकतात ती. खुशालरावानं तिच्या पट्ट्या करवतीनं कापल्या. कडा उतरत्या केल्या. पट्टीचा सांधा रुळाच्या सांध्याखाली येऊ दिला नाही. असं करायची काही गरज नव्हती, पण हात ऐकत नव्हता. चंद्री आदल्या दिवसापासून उपाशी होती.

साहेब आले. पाटलांनी चावी दिली. गाडी निघाली. मैनाबाईच्या हातातलं दावं सुटलं. म्हणजे तिनं सोडलं. चंद्री ओसरीला आली, जीभ बाहेर काढली आणि कामाला लागली. साहेब दोन पावलं मागं सरले.

चंद्रीनं एका बाजूची ढेप या टोकापासून त्या टोकापर्यंत खाल्ली. रुळाला जीभ म्हणून लावली नाही. इतकं नेटकं तिनं घरी कधी खाल्लं नव्हतं. पत्र्याचे रूळ एकमेकांत अडकवलेले होते. ते तसेच अधांतरी राहिले. गाडी फेरा मारून आली आणि त्या पोकळीवरून निघून गेली. पुन्हा आली. पुन्हा गेली.

साहेब गुडघ्यावर बसले. "खाली काय आहे?"

"काईच नाई साह्यब," खुशालराव आशेनं म्हणाला.

"काहीच नाही!" साहेब उठून उभे राहिले. "म्हणजे मातीवर टेकवायचीच नाही. खांबांवरून न्यायची. इतके दिवस हे कुणाच्या डोक्यात कसं आलं नाही?"

पाटलांनी म्हशीला मिठी मारली. साहेबांनी नकाशा उलगडला. पहिला खांब मळ्याच्या मधोमध आला.

साहेब माणूस भला होता. त्यांनी खुशालरावाला जवळ बोलावलं. "तुमची वांगी उभी आहेत ना? घाबरू नका. उभ्या पिकाला सरकार हात लावणार नाही. मळ्यातलं पीक निघेपर्यंत काम थांबेल, हा माझा शब्द. आणखी काही म्हणणं असेल तर सांगा. नागपूरला कळवतो."

खुशालरावानं मैनाबाईकडं पाहिलं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि डोळ्यांनी 'बोला' म्हटलं. त्यानं पागोटं सारखं केलं, हात जोडले आणि कचेरीतला आवाज काढला.

"अर्जदाराची नम्र विनंती हाय साह्यब, का वांगे निघेपर्यंत मिरची उभी असते, मिरची निघेपर्यंत गवार, गवारीच्या पोटात कोथिंबीर, अन् कोथिंबीर काढाच्या आंधीच वांग्याचं रोप पुन्हा लागते, तरी मायबाप सरकारनं मळा एकडाव रिकामा दिसेपर्यंत थांबावं."