ब्रोचच्या मागचं नाव

माझ्याकडे हाताने घडवलेले एकेचाळीस ब्रोच आहेत, सगळे विलायती. बेचाळिसावा जुन्नरात कासमचाचांकडून तांब्याचा घडवून घेतला. एरवी ते हंडे आणि बंब बनवतात. पुण्यातल्या प्रदर्शनाचा नियम साधा: मागे कारागिराचं नाव नसेल, तर ब्रोच बाद. म्हणून बजावलं होतं, “चाचा, मागं नाव घाला.” आज ब्रोच उलटून पाहिला. सुबक अक्षरांत कोरलं होतं: सौ. समृद्धी हिंगे, अवसरी खुर्द. रुखवतातल्या कळशीवर घालतात तसं. “माझं नाही, तुमचं नाव हवं होतं.” “माझं कशाला? जत्रंत हरवला, तर माझ्या दारात आणून देतील.” “पण घडवला कुणी, ते परीक्षकांना कसं कळणार?” चाचांनी ब्रोच सुलटा केला आणि हातोडीच्या ठोक्यांवरून अंगठा फिरवला. “हितं लिव्हलंय की. असा ठोका जुन्नरात दुसऱ्या कुणाचा पडत असंल, तर त्याचं नाव घाला.”