कंपनीचे पैसे

"आज पाहिजेत," भिंगबाई फोनवर म्हणाल्या. "कशाला, ते विचारू नका. तासाभरात येते."

"या ना आई," जावई म्हणाला. "काढून ठेवतो."

त्यांनी फोन पर्समध्ये टाकला आणि होत्या तिथेच उभ्या राहिल्या. त्या होत्या औषधांच्या दुकानात, आणि समोर, रस्त्यापलीकडे, जावयाचा फोटो स्टुडिओ होता. दोन काचांमधून तो स्वच्छ दिसत होता.

भिंगबाई हे नाव त्यांना इस्पितळातल्या लोकांनी दिलेलं. तिथल्या बिलांच्या खिडकीवर त्यांची उभी हयात गेली. खोटी नोट त्या बघण्याआधीच अंगठ्याने ओळखत, आणि खोटं बोलणारा माणूस त्याच्याही आधी. निवृत्तीची पुंजी जावयाच्या सांगण्यावरून एका परदेशी कंपनीत, त्या क्रिप्टो की काय म्हणतात त्यात घातली, तेव्हाच त्यांनी बजावलं होतं: मी न सांगता-सवरता फोन करीन, मागेन ती रक्कम त्याच दिवशी हातात पडली पाहिजे. ज्याच्याकडे आपले पैसे आहेत त्याला मधून मधून असा चिमटा काढला की तो जागा राहतो, असा त्यांचा हिशेब. जावई आजवर प्रत्येक चिमट्याला पुरून उरला होता.

आणि तिथेच घोडं अडलं होतं.

काल बँकेतल्या साहेबाने चष्म्यावरून बघत सांगितलं, "बाई, त्या कंपनीला आपल्याकडे परवानाच नव्हता. सरकारने तिचं दार बंद करून सहा महिने झाले. लोकांचे पैसे आत अडकलेत. कुणालाच काढता येत नाहीत."

"माझा जावई काढतो."

"मग जावई जादूगार आहे तुमचा," साहेब म्हणाला. "नाहीतर पैसे तिथे नाहीतच."

घरी पोचेपर्यंत भिंगबाईंची जुळणी झाली होती. पूर्वी कंपनीचे पैसे यायचे तेव्हा रकमेला शेपूट असायचं. कंपनी आपली कात्री लावायची, भाव वरखाली व्हायचा; मागितले त्याहून थोडे कमी, नाहीतर थोडे जास्त. अलीकडे रक्कम येत होती ती कशी, अंड्यासारखी गुळगुळीत. म्हणजे बेट्याने दार बंद व्हायच्या आधीच सगळं काढून घेतलं होतं, आणि आता सासूच्याच ताटातलं सासूला घासाघासाने वाढत होता.

लेकीला त्या काही बोलल्या नाहीत. लेक रडली असती, आणि रडण्यात वेळ जातो. पैसे कुठून निघतात ते आज डोळ्यांनी बघायचं. स्टुडिओतल्या स्टुडिओत, कपाटातून निघाले, तर सरळ कोपऱ्यावरची पोलीस चौकी. लेकीचा संसार मोडला तर मोडला.

"काकू, काय देऊ?" औषधवाल्याने विचारलं.

"बघतेय."

"तुम्ही तर समोरच बघताय."

"मग काय तुमच्याकडे बघत बसू? खोकल्याचं काहीतरी द्या. आणि सावकाश द्या."

स्टुडिओ मात्र बदललेला दिसत होता. दोन मोठे दिवे असायचे, त्यातला एकच उरला होता. फोटो काढताना उघडायची ती पांढरी छत्री नव्हती. मागचा रंगीत पडदाही उतरवलेला. आवराआवर चाललीय तर. गडी पसार व्हायच्या बेतात आहे.

जावयाने संगणकाला हात लावला नाही. बँकेच्या दिशेने पाऊल टाकलं नाही. तो उठला आणि त्याने कपाट उघडलं.

"हं," भिंगबाई म्हणाल्या. "निघालं."

कपाटातून निघाला कॅमेरा. मोठा, लांब नळीचा. याला तो बायकोचंही बोट लागू देत नसे. त्याने तो मऊ फडक्याने पुसला. पुसून झाल्यावर परत पुसला. मग कुणाला तरी फोन केला.

थोड्या वेळाने एक स्कूटरवाला आला. त्याने कॅमेरा उलटसुलट करून पाहिला, डोळ्याला लावला, नाक मुरडलं. जावई काहीतरी अजिजीने बोलत होता. शेवटी स्कूटरवाल्याने काउंटरवर नोटा मोजल्या. भिंगबाईंना ते मोजणं रस्त्यापलीकडूनही वाचता येत होतं; जन्मभर दुसरं केलं काय होतं? रक्कम बरोबर त्यांनी मघाशी फोनवर मागितलेली. एक नोट कमी नाही, एक जास्त नाही. स्कूटरवाला कॅमेरा गळ्यात अडकवून निघाला.

दिवा. छत्री. पडदा. त्यांनी मनातल्या मनात मागचे चिमटे मोजले. बेरीज जुळली. आयुष्यात पहिल्यांदाच बेरीज जुळल्याचं त्यांना बरं वाटलं नाही.

"काकू, हे खोकल्याचं."

"ठेवा तुम्हालाच. माझा गेला."

त्या रस्ता ओलांडून गेल्या. जावयाने नोटा पाकिटात घालून ठेवल्या होत्या. चेहरा त्याने फोटोसाठी बसवावा तसा हसरा बसवला होता.

"या, आई. हे घ्या. आत्ताच कंपनीकडून काढले."

"बरी चाललीय का कंपनी?"

"एकदम."

भिंगबाईंनी सवयीने नोटा मोजल्या. पुन्हा एकदा मोजल्या. मग पाकीट त्याच्याच हातात ठेवलं आणि दाराबाहेर, रस्त्याच्या टोकाकडे बघत म्हणाल्या,

"कंपनीला म्हणावं, स्कूटरवाला अजून सिग्नललाच उभा आहे. पळा."