पेटीतली कीड

कीटक का घटले याचा अभ्यास करणाऱ्या बाई यंदाचा सगळा हंगाम फुलांसमोर ठाण मांडून बसल्या. फुलं रग्गड, पण एक माशी फिरकली असेल तर शपथ!

रिकाम्या हाताने त्या प्रयोगशाळेत परतल्या, तर झाडलोट करणाऱ्या मावशी दारातच म्हणाल्या, "बाई, घात झाला! तुमच्या सुकवलेल्या मधमाश्यांच्या पेटीत कीड शिरलीय. फवारणीवाल्याला बोलावलंय."

बाईंनी पेटीची काच उचलली. जन्मभर टाचणीला लावून जपलेल्या मधमाश्यांचा भुगा झाला होता आणि त्या भुग्यात बारक्या अळ्या वळवळत होत्या. बाईंना ना राग आला, ना रडू. त्यांनी काच अलगद परत ठेवली.

 

"त्याला माघारी पाठवा, मावशी. यंदा जिवंत कीटक असे एवढेच दिसलेत."