ताराचा दुसरा शेवट

‘शेवट पटला नाही,’ एवढंच सुरेखानं लिहिलं आणि पाठवून दिलं.

उज्ज्वलाताईंचा लगेच फोन आला. ताई अंबाजोगाईच्या एका कॉलेजात शिकवायच्या आणि कादंबऱ्या लिहायच्या. प्रकाशकाकडे देण्याआधी कच्चा मजकूर त्या मोजक्या वाचकांना पाठवत. नांदूरघाटची सुरेखा त्यातली एक. या कामाचे कुणी पैसे देत नव्हतं, तिनं मागितलेही नव्हते. बारावीपर्यंत शिकलेली, ऊसतोडीच्या मुक्कामी फोनवर वाचायची सवय लागलेली. बाकीचे वाचक फुलांची आणि जोडलेल्या हातांची चित्रं पाठवत. सुरेखा कुठं खोटं वाटलं तेवढं सांगायची.

ताईंच्या कादंबरीतली तारा ऊस तोडणारी. तिचा नवरा मरतो. पुढच्या हंगामाच्या तोंडावर घरचे तिचा धाकट्या दिराशी पाट, म्हणजे विधवेचं दुसरं लग्न, लावायचं ठरवतात, कारण तोडीला नवरा-बायकोची जोडी लागते. जोडी म्हणजे एक कोयता. एकटं माणूस म्हणजे अर्धा, आणि अर्ध्या कोयत्याला टोळीत जागा नसते. शेवटच्या पानावर तारा नाही म्हणते. बाकी सगळ्यांना ते पान फार आवडलं होतं. एकीला तर रडू आलं होतं.

“कुठे अडलीस तू?” ताईंनी विचारलं.

“ती न्हाई म्हणती तिथं. कशी म्हणंल, ताई? म्हणताच येत न्हाई.”

ताईंनी बराच वाद घातला. वेळ आली की माणूस काहीही करू शकतं, असं त्या म्हणाल्या. तुमच्या पुस्तकात करू शकत असेल, सुरेखा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. काहीच नव्हतं. तिचा नवरा रामप्रसाद मागच्या हंगामात उसाच्या फडातच गेला, तेव्हापासून आवाज असाच होता. तो गेल्याचं ताईंना ठाऊक होतं. आता घरात काय घाटतंय, ते मात्र सुरेखानं सांगितलं नव्हतं. वाचकानं आपलं घर मधे आणू नये, असं तिचं मत होतं.

आठवड्याभरात नवा शेवट आला.

आता तारा मान हलवते. पाट लागतो. दिवाळी झाल्यावर ट्रक येतो. तारा भांडी चढवते, खोपीचं सामान चढवते, शेवटी स्वतः चढते. दीर टपावर बसतो. फडातल्या पहिल्या सकाळी मुकादम हाक मारतो आणि त्या दोघांना एक कोयता म्हणून मोजतो. संपलं.

सुरेखानं ते दोनदा वाचलं. खूण करायला एकही जागा सापडली नाही. असं कधी झालं नव्हतं. ‘आता बरोबर आहे,’ तिनं कळवलं. तुझ्यामुळे पुस्तक खरं झालं, असं ताईंनी उत्तर दिलं. आज प्रकाशकाकडे पाठवते, म्हणाल्या.

दुपारी मुकादम आसाराम आला. ओसरीवर तो, सासरे धोंडीराम आणि दीर अंगद बसले. सुरेखा चौकटीला टेकून उभी राहिली. हातात फोन तसाच होता.

“सूनबाई पेपर तपासती का काय तुमची?” आसाराम म्हणाला. “वाचून ऊस तुटतो व्हय?”

(ठीक. असंच बोलतात.)

धोंडीराम म्हणाले, घरातलं माणूस घरातच राहील, अंगद काही परका नाही.

(ठीक.)

अंगद पायाच्या अंगठ्यानं सारवण उकरत होता. तो शाळेत असताना त्याचं दप्तर सुरेखाच भरायची. त्यालाही कुणी विचारलं नव्हतं.

(हे पुस्तकात नाही. पण ठीक.)

आसारामनं बजावलं, टोळी भरत आलीय, आज काय ते सांगा, नाहीतर दुसरी जोडी तयार आहे.

(ठीक.)

“तर मग ठरलं,” धोंडीराम म्हणाले.

अक्षर न् अक्षर तेच. ताराचा सासराही हेच म्हणाला होता. पुढची ओळ सुरेखाला माहीत होती. मान हलवायची. त्याच्या पुढचा ट्रक माहीत होता. फडातली सकाळ माहीत होती, मुकादमाची हाकसुद्धा. कुठंच अडायला जागा नव्हती. तिला भीती वाटली नाही की वाईट वाटलं नाही. फक्त, वाचून झालेलं पुन्हा पहिल्यापासून वाचायचा यावा, तसा कंटाळा आला.

“न्हाई, मामा,” ती म्हणाली.

धोंडीरामांना आधी ते ऐकूच आलं नसावं. मग त्यांनी वर बघितलं. “कावून?”

सुरेखानं कारण शोधलं. सापडलं नाही. “न्हाई,” ती पुन्हा म्हणाली.

आसारामनं विचारलं, एकटीला कोण टोळीत घेणार, खाशील काय? म्हाईत न्हाई, असं तिनं सांगितलं, आणि ते खरंच होतं. आसाराम चप्पल शोधायला लागला. अंगदचा अंगठा थांबला होता. तो वहिनीकडं बघत होता.

ती घरामागं गेली आणि फोन लावला.

“ताई, पुस्तक पाठवलं का?”

आत्ता पाठवतच होते, ताई म्हणाल्या.

“थांबा. पयलाच शेवट ठिवा. ती न्हाई म्हणती.”

ताई वैतागल्या. तूच म्हणालीस ना, तिला म्हणताच येत नाही म्हणून? त्यावर सगळं बदललं मी. आता म्हणता येतं हे कशावरून?

“आत्ताच म्हणून आले,” सुरेखा म्हणाली.