रोज सकाळी एक

डॉक्टरबाईंच्या दाराबाहेर केकवाला मांडीवर केकचा खोका घेऊन बसला होता आणि शेजारच्या अनोळखी आजींना मुलीचं प्रगतिपुस्तक दाखवत होता.

"गणितात ब्याण्णव. मागच्या वर्षी साठच होते."

"बाबा, पुरे." सोळा वर्षांच्या मुलीने कोरड्या ओठांवरून जीभ फिरवली आणि पाण्याची बाटली पुन्हा भरायला उठली.

"का पुरे? पोरीचं कौतुक बापाने नाही करायचं, तर काय शेजाऱ्यांनी करायचं?"

आजी हसल्या. केकवाल्याचा ऊर भरून आला होता आणि त्याला कारणही तसंच होतं. या यशामागची खरी गोष्ट फक्त त्याला ठाऊक होती. बायकोलाही त्याने पत्ता लागू दिला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी याच डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, पोरीचं लक्ष ठरत नाही तो आळस नव्हे, आजार आहे. त्यांनी रोज सकाळी एक कॅप्सूल लिहून दिली. गुण आला. शाळेच्या तक्रारी थांबल्या, बायको निश्चिंत झाली. केकवाल्याला मात्र ते औषध सलत राहिलं. आपली पोर मुळात हुशार, तिला कुबड्या कशाला? डॉक्टरबाईंना विचारावं तर त्या नाही म्हणणार, बायकोला विचारावं तर ती घर डोक्यावर घेणार.

मग गेल्या तपासणीनंतर त्याने कुणालाच विचारलं नाही. केकवर पाकळी पाकळी काढणाऱ्या माणसाला कॅप्सूल उघडणं म्हणजे हातचा मळ. दुकानामागच्या खोलीत बसून त्याने महिन्याच्या कॅप्सूल एकेक करून उघडल्या, आतले बारीक दाणे मोरीत ओतले, केकवर भुरभुरायचे साखरेचे दाणे भरले आणि टोपणं लावली. पुढच्या दोन महिन्यांतही तेच.

सुरुवातीचे दोन आठवडे वाईट गेले. वह्या घरी राहिल्या, चाचणीत भोपळा मिळाला, पोर उशीत तोंड खुपसून रडली. त्याचाही धीर सुटत आला होता. पण तिसऱ्या आठवड्यात गाडी रुळावर आली ती अशी की विचारू नका. पहाटे चारला अभ्यासाला बसायची, जेवणाचंही भान नसायचं. सायकलसुद्धा विकून टाकली तिने, म्हणे चालत गेलं की व्यायाम होतो. केकवाला येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत सुटला.

आत बोलावणं आलं. डॉक्टरबाईंनी वजन केलं, रक्तदाब घेतला, नाडी दोनदा मोजली.

"वजन सहा किलोंनी उतरलंय. बसल्या जागी नाडी एकशे अठरा. झोप लागते का गं?"

मुलीने बाटली उघडून पाण्याचा मोठा घोट घेतला.

"या औषधाने भूक मरते, हृदयावरही ताण येऊ शकतो. म्हणून तर मी तपासायला बोलावते. आजपासून ते बंद. आधी हृदयाचा आलेख काढू."

केकवाला खुर्चीत सरसावून बसला. याच क्षणाची तर तो तीन महिने वाट बघत होता.

"बाई, रागावू नका. औषध केव्हाच बंद आहे." त्याने सगळं सांगितलं, साखरेच्या दाण्यांसकट. "ब्याण्णव गुण पोरीने स्वतःच्या डोक्याने मिळवलेत. नाडीचं काय, अभ्यासाची दगदग आहे."

डॉक्टरबाईंनी पेन खाली ठेवलं. त्या मुलीकडे बघत राहिल्या. मुलगी बापाकडे बघत होती.

"ते तू केलंस, बाबा?" ती म्हणाली. "मला वाटलं, मला औषधच लागू पडेनासं झालं. पुन्हा शाळेतून बोलावणं आलं असतं, तुला मान खाली घालावी लागली असती. म्हणून वर्गातल्या एकाकडून त्याच्या कॅप्सूल विकत घ्यायला लागले. आधी रोज एक घ्यायचे. आता तीन घेते."